मागची खोली

गाव शहराच्या हद्दीत घेतलं त्या वर्षी रस्त्यावर दिवे आले नाहीत, नळ आला नाही, कचऱ्याची गाडी एकदा येऊन रुतली ती पुन्हा फिरकली नाही. घरपट्टी मात्र न चुकता आली. कचेरीच्या माणसाने दाराच्या चौकटीवर काळ्या रंगात नंबर रंगवला, हातात कागद दिला आणि तो पुढच्या दाराकडे गेला. कागदावरचा आकडा लेकीने वाचून दाखवला तेव्हा म्हातारा गवंडी उंबऱ्यावरच बसला.

त्याची उभी हयात कालव्याच्या खात्यात दगड लावण्यात गेली होती. आता पेन्शन यायची, पण ती आली म्हणेपर्यंत किराणावाला आणि औषधवाला तिला वाटेतच गाठायचे. गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. आणि हा माणूस कुणाकडे चहा प्यायला गेला तरी आधी त्यांच्या भिंतीकडे बघायचा, मग माणसांकडे. भिंत तिरकी दिसली की चहा गोड लागायचा नाही. लोक त्याला मुद्दाम वाकड्या भिंतीसमोर बसवायचे आणि गंमत बघायचे.

घरात दोघंच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक नवऱ्याने टाकल्यावर एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन परत आली, तेव्हा ओळंब्याने तिला एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घरामागे दोरी लावली आणि पाया खणायला घेतला. खात्यातून सुटल्यावर संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी दिवसभर असं करत त्याने एकट्याने तिची खोली उभी केली. खिडकी कुठे ठेवायची ते ठरवायला तिला मशीनवर बसवून उजेड सुईवर कसा पडतो ते बघितलं होतं. त्या खोलीत बसून ती गावाचे कपडे शिवायची, तिथेच झोपायची, आणि दाराला आतून कडी लावायची. नवऱ्याच्या घरी तिला कडी नव्हती.

घरपट्टीचा कागद आला त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारचा म्हातारा कंडक्टर येऊन टेकला. त्याला रेडिओ म्हणत, कारण तो एकदा लागला की बंद करायचं बटण कुणाला सापडायचं नाही.

"रडतोस कशाला?" रेडिओ म्हणाला. "आपल्यासारख्या पेन्शनवाल्या गरिबांना सूट आहे. अर्ज करायचा. जवळजवळ सगळी माफ."

ओळंब्याच्या जिवात जीव आला. पण रेडिओ बंद थोडाच होणार?

"फक्त घर पाचशे फुटांच्या आत पाहिजे. कचेरीचा मोजणीदार येतो, टेप लावतो. पलीकडच्या वस्तीतला तो शाळेचा शिपाई माहीत आहे ना? त्याचं जास्त निघालं."

"मग?"

"मग काय. सूट गेलीच, वर दंड. कुठून भरणार? घराला कुलूप लागलं. म्हातारा-म्हातारी भावाच्या पडवीत पडलीत."

"तू बघितलंस कुलूप?"

"बघायला कशाला पाहिजे? सगळी वस्ती बोलतेय."

रेडिओ चहा पिऊन गेला. ओळंब्याने खुंटीवरची पोलादी टेप काढली आणि तिचं टोक घराच्या बाहेरच्या कोपऱ्याला अडकवलं. खात्यात मोजायचे तसंच त्याने मोजलं, बाहेरून बाहेर. तिथे भिंतीचेच पैसे मिळायचे. भिंत सोडून मोजणारा गवंडी उपाशी मेला असता. त्याच्या भिंती दगडाच्या, दीड फूट जाड. त्याने लांबी घेतली, रुंदी घेतली, मागची खोली घेतली, मनात गुणाकार केला. सहाशेच्या वर जात होतं. पुन्हा मोजलं. टेपने काही जुनी ओळख ठेवली नाही. तिने तेच सांगितलं.

घर गेलं तर तो कुठेही पडला असता, त्याचे दिवस राहिलेच किती होते. पण त्याच्या मागे लेकीला काय? तिला भाऊ नव्हता, भावाची पडवीही नव्हती. दगडाच्या या भिंती सोडल्या तर तिच्यासाठी त्याने दुसरं काही साठवलेलं नव्हतं.

लेक दारात उभी राहून बघत होती. "काय मोजताय बाबा?"

"काही नाही," तो म्हणाला. "टेपला गंज चढलाय का बघत होतो."

कचेरी शहरात होती. ओळंबा इस्त्रीचा सदरा घालून गेला. तिथे खिडकीपुढे म्हाताऱ्यांची रांग होती, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशव्या, पिशव्यांत कागद. कुणी बोलत नव्हतं. पुढच्या एका बाईला कारकुनाने परत पाठवलं, आणि ती भिंतीला धरून जिना उतरली. ओळंब्याने घरून येताना एक वाक्य घोकून आणलं होतं: साहेब, पाचशे म्हणजे कसे मोजायचे? एवढंच विचारायचं होतं.

खिडकीपाशी पोचला तेव्हा त्याने ते वाक्य पुन्हा एकदा मनात म्हटलं.

"पेन्शनचा दाखला?" कारकून मान वर न करता म्हणाला.

त्याने दिला.

"घरात कमावतं कोण?"

"लेक शिवते थोडंफार."

"थोडंफार लिहिता येत नाही. तिचा दाखला लागेल. आणलाय? बरं. खोल्या किती?"

ज्याने साऱ्या आयुष्यात एक दगड ओळीबाहेर ठेवला नव्हता, त्याच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "दोन."

कारकुनाने दोन लिहिलं.

"साहेब, ते पाचशे फूट म्हणजे..."

"मोजणीदार येईल, तो बघेल. चला, मागे रांग आहे. सही करा. सही येते ना?"

सही येत होती. त्या दिवशी ती लिहिताना हात असा कापला की कारकुनाने अंगठ्याची शाई पुढे सरकवली. मागून कुणीतरी हसलं. ओळंब्याने सही पुरी केली, पण परतीच्या बसमध्ये त्याला ती सही आठवत नव्हती, फक्त 'दोन' आठवत होतं. आता नुसतं घर मोठं नव्हतं, आता तो खोटारडाही होता, आणि ते त्याच्या सहीनिशी.

त्या संध्याकाळी त्याने लेकीला सांगितलं. ती कुणाच्यातरी झग्याला बटणांची काजं करत होती. तिने सुई थांबवली नाही.

"मग जाऊन सांगा, चुकलं म्हणून. तीन आहेत म्हणा."

"तीन म्हटलं की सूट गेली."

"नीट विचारून तरी बघा. मी येते बरोबर."

"विचारलं की त्यांना संशय येणार. संशय आला की ते आधी आपल्याच दारात येणार. तुला कळत नाही. कचेरीला आपण होऊन तोंड दाखवायचं नसतं."

"मग काय करायचं?"

त्याची नजर मागच्या दाराकडे गेली, आणि ती लेकीने पकडली.

"माझी?" ती म्हणाली.

"पुढच्या दोन पाडल्या तर छप्परच खाली येईल, बाई."

लेकीने काज पूर्ण केलं, दोरा दाताने तोडला, झगा घडी करून ठेवला. मग ती उठून आपल्या खोलीत गेली आणि कडी लावली. सकाळी उठून बघतो तर मशीन पुढच्या खोलीत आणलेली, ट्रंक स्वयंपाकाच्या ओट्याखाली सरकवलेली, आणि मागच्या खोलीत झाडू मारलेला. ती त्याच्याशी बोलत नव्हती. चहाचा कप मात्र आदळला नाही. आदळला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

थंडी कडक पडली होती. पहार हातात घेतली की लोखंड तळव्याला चावायचं. पत्रे निघाले, वासे निघाले, ते अवघड नव्हतं. भिंती मात्र निघेनात. त्याने चुन्यात चाळलेली वाळू घातली होती, आठवडाभर पाणी मारलं होतं, सांध्यासांध्यात दगडाची कपची ठोकून बसवली होती. आता तोच चुना त्याला दाद देईना. पहार सांध्यात घालून तो अंग टाकायचा, आणि दगड तसाच. दम लागून खाली बसला की छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. कुठला हा कामाचा गवंडी, असं त्याच्या मनात आलं, आणि तो गवंडी आपणच हे आठवून त्याला हसूही आलं आणि रडूही.

"मालक, कोणाचं काम हे?" रेडिओ कुंपणावरून ओरडला. "लई पक्कं दिसतंय!"

"गप्प बस. आणि कुणाला बोलू नकोस."

"मी? मी कशाला बोलतोय?" रेडिओ म्हणाला, आणि ओळंब्याच्या अंगावर काटा आला.

रस्त्यावर मोटारसायकल वाजली की तो पहार टाकून भिंतीमागे बसायचा. दूधवाल्याची निघायची, पोस्टाची निघायची. अर्धी पाडलेली खोली बघितली तर मोजणीदार काय म्हणेल? तीन म्हणेल की अडीच? या विचाराने त्याला रात्री झोप लागेना, आणि सकाळी तो अंधुक उजेडातच पुन्हा पहार उचलायचा.

खिडकीवरची लांब शिळा काढताना ती सुटली. तो मागे सरला, पण हात राहिला. डाव्या हाताची दोन बोटं शिळेखाली सापडली. तो ओरडला नाही. ओरडलं तर लोक जमले असते. लेक पुढच्या अंधाऱ्या खोलीत मशीन चालवत होती. मशीन थांबली, म्हणजे तिला काहीतरी कळलं असणार. ती आली, तिने पहार घातली, शिळा उचलली, त्याचा हात सोडवला. नखं काळीनिळी झाली होती. तिने पदर फाडून बोटं बांधली. मग तिने ओढणीसारखा पदर डोक्याला गुंडाळला आणि दगड वाहायला लागली.

"तू राहू दे," तो म्हणाला.

तिने ऐकलं नाही. आपल्या खोलीचे दगड तिने एकेक करून कुंपणाच्या कडेला नेऊन रचले. शिवणाऱ्या बाईचे हात ते. संध्याकाळी सुईत दोरा ओवता येईना. पुढच्या खोलीत उजेड नव्हताच. एका गिऱ्हाइणीची बाही उलटी लागली, आणि ती बाई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी बोलून गेली. लेकीने ऐकून घेतलं. आत बसलेल्या ओळंब्यानेही ऐकून घेतलं.

शेवटची भिंत गेली तरी काम संपलं नव्हतं. घराच्या मागच्या भिंतीवर जिथे खोली चिकटलेली होती तिथे ताजा पांढरा व्रण दिसत होता. ओळंब्याने दार दगडाने बुजवलं, वर गिलावा केला. आयुष्यभर जुन्याला नवं करण्यात गेलेला माणूस आता नव्याला जुनं करत होता. चुलीतली राख पाण्यात कालवून त्याने गिलाव्यावर मारली, चिंधीने पुसली, पुन्हा मारली. पायाच्या रेषांवर माती ओढली, वर पालापाचोळा पसरला. लांबून बघितलं तर काही कळत नव्हतं. त्याने जवळून बघितलं तेव्हा मात्र सगळं कळत होतं.

मग वाट बघणं. लेक स्वयंपाकघरात ओट्याखाली अंथरूण टाकायची. त्या दाराला कडी नव्हती. ओळंब्याला पहाटे पाणी प्यायला उठायचं असायचं, पण तिला जाग येईल म्हणून तो कोरड्या घशाने पडून राहायचा. दिवसा जरा खुट्ट झालं की तो उठून रस्ता बघून यायचा. जेवण अंगी लागेना. रेडिओ येऊन नवीन बातम्या द्यायचा: मोजणीदार खाष्ट आहे, मोजणीदार उंदराचं बीळ सोडत नाही, मोजणीदाराने एका बाईच्या कोंबड्यांचं खुराडं मोजलं. ओळंब्याने आपल्याकडे खुराडं नाही याबद्दल देवाचे आभार मानले.

आणि मोजणीदार आला तो भर दुपारी, चालत, नाकाला रुमाल लावून. सर्दीने त्याचे डोळे पाणावलेले होते. रेडिओच्या खाष्ट साहेबापेक्षा तो औषधाच्या दुकानासमोर उभ्या असणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

"आजोबा, जरा लवकर उरकू," तो शिंकून म्हणाला. "मला अजून सात घरं आहेत. गरम काही मिळालं तर उपकार होतील."

"चहा टाक गं," ओळंबा ओरडला. लेक आत गेली.

मोजणीदाराने टेप काढली. ओळंब्याने न सांगता तिचं टोक घेतलं आणि तो लगबगीने घराच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे निघाला. टोक कोपऱ्याच्या दगडावर दाबून धरलं.

"तिकडे कुठे चाललात आजोबा?" मोजणीदार दारातून म्हणाला. "आत या."

"कोपरा इथे आहे ना साहेब."

"आतला कोपरा. आतून मोजायचं. या इकडे."

ओळंबा कोपऱ्यापाशी तसाच उभा राहिला. मग टेप हातात घेऊन हळूहळू आत आला. मोजणीदाराने त्याला भिंतीच्या आतल्या अंगाला उभं केलं आणि समोरच्या भिंतीपर्यंत टेप नेली.

"भिंत..." ओळंबा म्हणाला. "भिंत धरत नाहीत?"

"भिंतीत कोण राहतंय? माणूस चालतो-फिरतो तेवढी जमीन धरायची. तुमच्या भिंती जाड आहेत, तुमचाच फायदा." तो लिहू लागला. "दोन्ही खोल्या मिळून चोवीस फूट, गुणिले चौदा... साडेतीनशेच्या आतच. आरामात बसतंय."

दगडाचा हिशेब करायला ओळंब्याला कागद लागत नसे. मागच्या खोलीची आतली लांबी त्याला पाठ होती, रुंदी पाठ होती. ती त्याने मनात मिळवली. सव्वाचारशेसुद्धा होत नव्हतं. त्याने पुन्हा मिळवली. तेवढंच होत होतं. तो मशीनच्या स्टुलावर मटकन बसला.

"बरं वाटत नाही का?"

"नाही, नाही. थंडी." मग अगदी हळू, आतल्या दाराकडे बघत त्याने विचारलं, "आणि खोल्या किती, त्याचं काही असतं?"

"खोल्या कितीही असू दे हो. चार करा, पाच करा. फूट किती तेवढंच." मोजणीदाराने नाक पुसलं. "चला, मागची बाजू एकदा बघून घेतो."

मागे जाऊन तो भिंतीपुढे उभा राहिला. बघता बघता पुढे वाकला. घरं मोजून मोजून त्याची नजर तयार झालेली होती.

"इथे काय होतं हो?"

लेक चहाचे कप घेऊन तेवढ्यात मागे आली. मघापर्यंत त्याला या माणसाची भीती वाटत होती. आता तो माणूस काय बोलून जाईल याची वाटायला लागली, आणि ती भीती पहिलीहून कितीतरी वाईट होती.

"गोठा," तो म्हणाला.

लेकीने त्याच्याकडे बघितलं. मग मोजणीदाराकडे बघून सरळ आवाजात म्हणाली, "हो, गोठाच होता. जुना झाला होता. काढून टाकला."

"अहो, मग कशाला काढलात? तो असता तरी..."

"चहा घ्या साहेब!" ओळंब्याने तिच्या हातातला कप ओढूनच घेतला आणि मोजणीदाराच्या हातात कोंबला. चहा त्याच्या बांधलेल्या बोटांवर सांडला. "निवतोय. सर्दीला निवलेला चालत नाही. घ्या, घ्या. तुम्हाला अजून सात घरं आहेत."

"हो, हो." मोजणीदार गोंधळला. फुंकरही न मारता प्यायला, शिंकला. "कागद महिनाभरात निघेल. काळजी करू नका, सूट मिळाली समजा. पण गोठ्याचं म्हणाल तर..."

"बस जाईल साहेब."

"मी चालत आलोय."

"मग ऊन जाईल."

त्याने मोजणीदाराला जवळजवळ दंडाला धरून पुढच्या दाराशी आणलं, रस्त्यापर्यंत पोचवलं, आणि तो रेडिओच्या घरात शिरेपर्यंत तिथेच पहारा दिल्यासारखा उभा राहिला. रेडिओच्या घरात. आता तिथे तो काय काय बोलेल, आणि उद्या सकाळी रेडिओ काय काय लावेल?

तो आत आला तेव्हा लेक स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. रडत होती. इतक्या दिवसांत एकदाही रडली नव्हती.

"बसलं ना?" तिने विचारलं.

"बसलं."

"सगळी माफ?"

"जवळजवळ."

ती उठली. तिने त्याचा हात घेतला, चहाने भिजलेली चिंधी सोडली, बोटं आपल्या पदराने हलक्या हाताने टिपली. काळं नख सैल झालं होतं.

"बाबा, मी लई वाईट वागले तुमच्याशी," ती म्हणाली. "बोलले नाही. मनात काय काय आणलं. वाटायचं, यांना माझीच खोली दिसली. आणि मी म्हणत होते विचारून बघा, विचारून बघा. तुमचं ऐकून खोली पाडली म्हणून तर आज घर राहिलं. नाहीतर काय झालं असतं हो?"

ओळंबा तिच्या डोक्यावरून बुजवलेल्या दाराकडे बघत होता.

"बरं झालं पाडलीत," ती म्हणाली. "खरंच बरं झालं."

त्याच्या तोंडात शब्द आला होता. तो दातांपर्यंत आला. लेक इतक्या दिवसांनी बोलत होती, त्याचा हात तिच्या हातात होता, आणि कुंपणापलीकडून रेडिओचा आवाज यायला लागला होता: "अरे ओळंब्या! ऐकलंस का? हे साहेब काय म्हणतायत ते ऐक! आतून मोजतात म्हणे!"

"काय म्हणतायत ते?" लेकीने मान वळवली.

"काही नाही," ओळंबा म्हणाला. त्याने हात सोडवून घेतला आणि जाऊन खिडकी लावून घेतली. "तू आत जा. त्याचं काही ऐकू नकोस."

पण ती आधीच दाराकडे निघाली होती, डोळे पुसत, हसत, शेजाऱ्याला आनंदाची बातमी सांगायला.